डाव्या चाकाची खोबण

आमच्या पेणच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, काहीही सांगायला जा, ते एकच विचारायचे, फोटो आहे का? माझ्या खोलीत उंदीर शिरला म्हणून मी तक्रार घेऊन गेले, तर म्हणाले, फोटो आहे का. त्यांच्या भाचीसाठी स्थळ घेऊन एक गृहस्थ नागोठण्याहून आले होते. त्यांनी मुलाचा फोटो पुढे केला. घरमालकांनी तो उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, हा समोरून झाला, बाजूने घेतलेला नाही का? गृहस्थ चहाला न थांबता उठले. काकू आतून म्हणाल्या, "मागून कसा दिसतो ते पण इचारायचं होतं." हा टोमणा आहे हे काकांच्या लक्षातच आलं नाही. ते म्हणाले, विचारणारच होतो.

मी तेव्हा पेणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. घर रोह्याला, पण गाडीची वेळ आणि माझ्या ड्यूटीची वेळ यांचं कधी जमलं नाही, म्हणून काकांची मागची खोली भाड्याने घेतली. शनिवारी संध्याकाळी रोह्याला जायचं आणि सोमवारी परत यायचं. नव्वदच्या दशकातली चार वर्षं मी त्या खोलीत काढली. दिवसभर परक्यांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची आणि संध्याकाळी काकांच्या टेबलापाशी बसून विमानांची पुस्तकं वाचून दाखवायची, असा माझा दिनक्रम होता. दुसरं काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगते.

काका गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचे. पेणमध्ये मूर्ती करणारे घरोघर आहेत, रंगवणारे गल्लोगल्ली आहेत, पण डोळे काढायला ठरावीकच हात लागतात आणि त्यात काकांचा हात वरचा होता. हंगामात त्यांना तीन-तीन कारखान्यांतून बोलावणी असत. दोन्ही डोळे एका बैठकीत संपवायचे, मध्ये पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. डोळे झाले की ते मूर्तीकडे पाठ करून बसत, न्हाव्याकडे असतो तसला एक छोटा आरसा खांद्यापाशी धरत आणि त्यातून मूर्ती पाहत. सरळ बघताना डोळ्याला सवय होते आणि चूक झाकली जाते, आरशात ती उघडी पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तो आरसा एकदा केस विंचरायला उचलला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एवढी कीर्ती असून आखणीचं त्यांना फार कौतुक नव्हतं. मी एकदा म्हटलं, काका, तुमच्या गणपतीचे डोळे जिवंत वाटतात. तर म्हणाले, "देव कुणी बघितलाय? मी काढीन ते डोळे त्याचे. चूक काढायची कुणी? विमान बघितलेली माणसं हायत. ती सांगू शकतात, चुकलास म्हणून."

म्हणून हंगाम संपला की उरलेलं वर्ष ते लढाऊ विमानं करत. विकायला नाही, कुणाला द्यायलाही नाही. आत दिवाणखान्याच्या कपाटात सात विमानं होती आणि त्यांवरची धूळ पुसायची काकूंना मनाई होती. धूळ काका स्वतः पुसत, आखणीच्या ब्रशने. गल्लीत त्यांना पाठीमागे विमान म्हणत. ते स्वतः मात्र कधी विमानात बसले नव्हते, बसणारही नव्हते, कारण त्यांना उंचीची भीती होती. माळ्यावरची घागर काढायची तरी काकू चढायच्या आणि काका खाली शिडी धरून डोळे मिटून उभे राहायचे.

पुस्तकं यायची इस्रायलहून. काकांचा एक शाळासोबती बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू होता. त्यांचं घर पेणजवळच्या एका गावात होतं आणि तेल गाळण्याचा पिढीजात धंदा होता. साठच्या दशकात ते कुटुंब उठून तिकडे गेलं. त्या सोबत्याच्या मुलाला छोटी विमानं करायचा नाद होता आणि मुलाची वापरून झालेली पुस्तकं हा इकडे पार्सलने पाठवायचा. सोबत मराठीत पत्र. त्यात विमानांविषयी अक्षर नसायचं. भोगावतीला अजून पाणी असतं का, अमक्याचं दुकान चालू आहे का, असंच सगळं विचारलेलं असायचं. काकू उलट टपालाने पोह्याचे पापड पाठवत.

तशी पुस्तकं मी आधी कधी पाहिली नव्हती. गुळगुळीत कागद, एका विमानाला एक अख्खं पुस्तक, आणि त्यात विमान उडताना जवळजवळ नाहीच. चाक, चाकाचं दार, दाराची बिजागरी, पायलटच्या खुर्चीचा पट्टा, रंग उडालेला पत्रा, पंखाखालचे स्क्रू. मला प्रथम वाटलं की विमान दुरुस्त करणाऱ्यांची पुस्तकं असावीत. नंतर कळलं की ही मुद्दाम छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांसाठी काढतात. फोटोग्राफर विमानाखाली आडवा पडून जी वीतभर जागा टिपतो, ती हे लोक नखाएवढी करून बसवतात. काकांचं इंग्रजी अक्षरं लावण्यापुरतंच होतं. माझं बरं आहे असं कळल्यावर ते पुस्तक घेऊन माझ्या दारात आले आणि म्हणाले, "बाय, फोटोखालचं वाच जरा." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी खालचं वाचत गेले.

पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, पीव्हीसी पाइप तापवून सपाट केलेला पत्रा, नाकावर इंजेक्शनची सुई, आणि काचेला सदऱ्याच्या खोक्यावरचं पारदर्शक झाकण प्लास्टरच्या साच्यावर ओढून, असं ते विमान तयार होई. सगळं बत्तीसपट लहान. आणि प्रत्येक भागाची एका वहीत नोंद. आखणीसारख्याच बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, "भाग : पुढचं चाक. आधार : पान एकवीस, खालचा फोटो." आधार नसलेला एक खिळाही त्यांच्या विमानात नव्हता.

इथेच त्यांच्या विक्षिप्तपणाची हद्द होती. ज्या भागाचा फोटो पुस्तकात नाही, तो भाग ते करत नसत. तिथे पांढरा रंग देऊन मोकळं सोडत. त्यामुळे त्यांच्या सातही विमानांवर कुठे ना कुठे कोड फुटल्यासारखे पांढरे डाग होते. एका गणेश मंडळाची पोरं आरासीसाठी विमान मागायला आली होती. पोटाखाली पांढरं बघून म्हणाली, काका, इथे दोन बॉम्ब लावून टाका, म्हणजे झाकलं जाईल. काकांनी विचारलं, फोटो आहे का. पोरांनी त्या वर्षी थर्माकोलचा किल्ला केला.

मी होते त्या वर्षांत आठवं विमान चाललं होतं. मिग. आपल्या हवाई दलात आहे तेच, म्हणून काकांचा त्यात विशेष जीव. तीन वर्षं ते त्या एका विमानाला लागून होते. बाकी सगळं झालं, पण डाव्या चाकाची खोबण पांढरी राहिली. उडताना चाक ज्या पोकळीत आत जाऊन बसतं ती ही खोबण. उजवीकडच्या खोबणीचे चार फोटो होते, डावीकडचा एकही नव्हता. मी म्हटलं, उजवी आहे ना, तशीच उलटी करा की डावी. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुझं काळीज कुठल्या बाजूला हाय? मग दुसऱ्या बाजूला पण एक हाय असं धरू का?"

आता माझ्या भावाबद्दल सांगायला हवं. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. अठराव्या वर्षी हवाई दलात भरती झाला, वीस वर्षं विमानांच्या देखभालीवर काम केलं आणि मुदत संपल्यावर रोह्याला परत आला. पहिल्या महिन्यात लोक भेटायला यायचे. विमान चालवायचास का, विचारायचे. नाही, दुरुस्त करायचो, म्हटलं की अस्सं म्हणायचे आणि पावसापाण्यावर बोलायला लागायचे. नोकरीसाठी जवळच्या धाटावच्या कंपन्यांतून फिरला, तिथे सगळ्यांनी सांगितलं की आमच्या मशिनवरचा अनुभव नाही. शेवटी एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला लागला. येणाऱ्या ट्रकचे नंबर रजिस्टरमध्ये लिहायचे. हळूहळू तो बोलायचाच थांबला. दारू नाही, भांडण नाही, काही नाही. फक्त बोलत नसे. आई जेवताना विचारायची, "काय रे, तिकडं नक्की काय काम करायचास?" तो म्हणायचा, मेंटेनन्स. त्या एका शब्दात वीस वर्षं संपायची आणि आई ताटाकडे बघत बसायची. दोन वर्षं हे मी पाहत होते. मला भीती वाटायची की हा माणूस असाच आतल्या आत बंद होऊन जाईल.

दादाची सुट्टी गुरुवारी असायची. एका गुरुवारी तो माझा स्टोव्ह दुरुस्त करून घेऊन पेणला आला. माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं, ते मी केलं. त्याला काकांच्या टेबलाशी नेलं. म्हटलं, काका, हे माझे दादा, मिगवर काम केलंय त्यांनी. काकांना कोण आनंद झाला. त्यांनी स्वतः खुर्ची पुसली. दादा बसला नाही. हात मागे बांधून विमानाभोवती फिरला, वाकला, पोटाखालून पाहिलं, पंखाच्या टोकापाशी थांबला. त्याचा चेहरा मी दोन वर्षांत तसा पाहिला नव्हता. काकू चहा घेऊन आल्या तरी त्याचं लक्ष नव्हतं.

मग तो म्हणाला, "काच उलटी उघडलीय."

पायलटच्या डोक्यावरची काच काकांनी उघडी दाखवली होती, डाव्या अंगाला कललेली. त्या बिजागरीवर त्यांचे चार महिने गेले होते. त्यांनी पुस्तक काढलं, पान उघडलं आणि फोटोवर बोट ठेवलं. फोटोत काच डावीकडे कललेली होती आणि शेजारी एक मेकॅनिक वाकून उभा होता. खाली फक्त "काच उघडलेली असताना" एवढंच छापलेलं. मीच ते वाचून दाखवलं होतं.

दादा म्हणाला, फोटोत काही का असेना, शिडी डावीकडून लावतात आणि काच उजवीकडे पडते. "वीस वर्षं मी ती शिडी धरलीय, काका."

"पुस्तक छापणारे येडे हायत काय?" काका म्हणाले. आणि मग, सवयीने, "तुमच्याकडं फोटो आहे का?"

दादाकडे फोटो कुठून असणार? तळावर कॅमेरा न्यायला बंदी असते. तो नाही म्हणाला, चहा उभ्यानेच घेतला आणि चपला घातल्या. मी स्टेशनपर्यंत त्याच्याबरोबर गेले. गाडी लेट होती. आम्ही बाकावर बसलो आणि अर्ध्या तासात तो एकच वाक्य बोलला. "वीस वर्षांत मी काय केलं त्याचा एक पण फोटो नाय माझ्याकडं." गाडी आल्यावर मला हात न करताच चढला.

मला काकांचा इतका राग आला की खोली सोडायचा विचार केला. त्याहून जास्त राग माझा मलाच आला होता. त्याला तिथे न्यायची अक्कल माझीच. त्या दिवसापासून मी पुस्तक वाचून दाखवायचं बंद केलं. काका संध्याकाळी दारापर्यंत यायचे, मी पेपर तोंडासमोर धरायची, आणि ते परत जायचे. रोह्याला दादाचं तर तेवढं "मेंटेनन्स"सुद्धा बंद झालं होतं. आई मला फोनवर विचारायची, "तिथं काय झालं गो? आल्यापासून ताटावर बसतो नि उठतो."

असे तीन आठवडे गेले आणि आखणीचा हंगाम जोरात सुरू झाला. एके दिवशी मी दुपारची ड्यूटी म्हणून घरीच होते. साडेदहाच्या सुमाराला काका घरात शिरले. हंगामात ते अंधार पडल्याशिवाय घरी येत नसत. पायही न धुता टेबलाकडे गेले, पुस्तक उघडलं, खिशातून तो आरसा काढला आणि पानासमोर धरला. मग त्यांनी मला हाक मारली.

"बाय, सदऱ्याचा खिसा कुठल्या अंगाला असतो?"

मी घुश्शातच सांगितलं, डाव्या.

"आणि घड्याळ?"

डाव्या मनगटाला, मी म्हटलं, नि उठून बघायला गेले. फोटोतल्या मेकॅनिकचा खिसा उजव्या छातीवर होता. घड्याळ उजव्या मनगटाला होतं. सदऱ्याची बटणंसुद्धा बायकांच्या ब्लाउजसारखी उलट्या बाजूला. घड्याळ एकटं असतं तर माणूस डावखुरा म्हणून सोडून दिलं असतं, पण तीन गोष्टी एकदम उलट्या कशा असतील? काकांनी आरसा पुढे केला. आरशात खिसा डावीकडे आला, घड्याळ डावीकडे आलं आणि काच दादाने सांगितली तशी उजवीकडे पडली. छापताना फोटोची फिल्म उलटी लागली होती. काकांनी त्या उलट्या फोटोवरून मान मोडून चार महिने बिजागरी केली होती.

तेवढ्यात दारात कारखान्याचे मालक उभे. घामाघूम झालेले. झालं होतं असं की तिथे एक उजव्या सोंडेचा गणपती खास सांगून करून घेतलेला, कडक सोवळ्यातला. काकांनी त्याचा एक डोळा काढला आणि सहज आरसा धरला. आरशात सोंड डावी दिसली. जन्मभर हजार वेळा ती तशी दिसलेली होती, पण त्या दिवशी ते ब्रश खाली ठेवून तडक घरी आले. देव एका डोळ्याने बघतोय आणि माझी पोरं तिथे कामाला हात लावायला तयार नाहीत, मालक रडवेले होऊन सांगत होते. काका म्हणाले, चला. गेले, दुसरा डोळा काढला. मालकांनी नंतर मला सांगितलं की त्या हंगामातला तो सगळ्यात चांगला गणपती झाला. मी तो पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी काका रोह्याला गेले. हंगामात, काम टाकून, आणि तेही आधी न सांगता. अलीकडे कित्येक वर्षांत त्यांनी पेणची वेस ओलांडली नव्हती. पुढचं मला दादाने सांगितलं. मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं घेऊन ते गाडीत बसले, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरले आणि रिक्षाने थेट धाटावला कंपनीच्या गेटवर. आत येणाऱ्याने रजिस्टर भरायचा नियम होता. कोणाला भेटायचं, त्यात काकांनी दादाचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात काम लिहायचं होतं. काकांनी लिहिलं, "चूक कबूल करणे." दादा म्हणाला, इथे नुसतं खाजगी लिहितात. काका म्हणाले, खाजगी कसं, चुकीचं विमान तीन माणसांनी बघितलंय.

मग त्यांनी खोकं उघडलं. काच आणि बिजागरी उखडून काढलेली होती, गोंदाचे वण तसेच. काका म्हणाले, "पुस्तक चुकलं, नि त्याच्यापेक्षा मी चुकलो. आरसा माझ्या खिशात होता. माणूस समोर उभा राहून सांगत होता, तरी मी त्याला फोटो मागितला." आणि पुढे म्हणाले, "आता बिजागरी सांगा. आणि ही डावी खोबण पण."

त्या दिवशी काका पाळी सुटेपर्यंत गेटच्या केबिनमध्ये स्टुलावर बसून होते. सुपरवायझरने रजिस्टर चाळताना तो रकाना वाचला आणि विचारलं, कसली चूक? दादा म्हणाला, विमानाची. सुपरवायझर दोन वर्षं दादाच्या शेजारी उभा राहत होता आणि दादा हवाई दलात काय करायचा हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. दादाने सांगितलंही, ट्रक थांबवून ठेवून.

त्यानंतर दादा दर गुरुवारी पेणला यायला लागला. मीही निमूटपणे पुस्तक वाचायला परत बसू लागले. पण खोबणीचं काम काही केल्या पुढे सरकेना. दादाला ती काढून दाखवता येईना. कागदावर चार रेघा मारायचा आणि खोडायचा. शेवटी वैतागून म्हणाला, मी ती कधी नीट बघितलीच नाही, आत डोकं जातच नाही, खांद्यापर्यंत हात घालून चाचपून काम करायचं असतं. मला वाटलं, संपलं. काका मात्र उठले आणि बाजारातून चहाचं रिकामं लाकडी खोकं घेऊन आले. दादाच्या सांगण्यावरून त्यांनी ते कापून, ठोकून, खोबणीएवढं केलं आणि दादाच्या खांद्याच्या उंचीवर भिंतीला टांगलं. म्हणाले, डोळे मिटा आणि घाला हात.

दादाने डोळे मिटून उजवा हात आत घातला. पहिल्यांदा जरा लाजला. मग त्याची बोटं आपोआप चालायला लागली. इथे पाइप, तो इथून वळतो, मागे नट, तो सैल झाला की हाताला तेल लागतं, वर तार आहे, ती ओढायची नाही. काका दुसऱ्या बाजूने खडूने खुणा करत गेले. तीन गुरुवार हे चाललं. माझा भाऊ इतकं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. काकू पापड लाटता लाटता म्हणाल्या, "आमच्या घरात पहिल्यांदा कोणतरी ह्यांना फोटोशिवाय सांगतोय नि हे ऐकतायत."

खोबण रंगवून झाली. वहीत प्रत्येक पाइपापुढे काकांनी आधार म्हणून "पाहिलेला माणूस" असं लिहिलं. दादाने मला हळूच बाजूला घेऊन सांगितलं, मी पाहिलेलं नाही, हात लावलेला आहे, त्यांना दुरुस्त करायला सांग. काकांनी दुरुस्त केलं. एक पट्टी तेवढी राहिली. पाइप धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, जागा दादाला पक्की माहीत, पण लांबी सांगता येईना. अंदाजे दोन-तीन इंच धरा, तो म्हणाला. काका म्हणाले, "अंदाजे म्हणजे मग देवाचे डोळे काढणं झालं." आणि तेवढा ठिपका पांढरा ठेवला.

आईला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, बघू तरी काय ते. म्हणून एका रविवारी, दादाची पहिली पाळी सुटल्यावर, काका विमान घेऊन पुन्हा रोह्याला आले. आईने वालाचं बिरडं केलं होतं. जेवणं झाल्यावर विमान पाटावर ठेवलं. दादाने बॅटरी लावून ते उलटं केलं आणि आईला खोबण दाखवली. हा पाइप, हा नट, इथपर्यंत हात जायचा माझा. आई गुडघे धरून वाकून बघत होती. तिने विचारलं, "आणि हे पांढरं काय रे?"

काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तिथली पट्टी राहिली आहे, माप मिळत नाही. दादा हसून बोलून गेला, त्या पट्टीने हात कापला तेव्हा माप कोण घेतंय.

आईने वर पाहिलं. "कधी कापला?"

आईने त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि पालथा केला. कोपराखाली एक जुना सरळ व्रण आहे. तो आम्ही सगळ्यांनीच पाहिलेला होता. "हा? सायकलवरून पडलो, असं लिहिलं होतंस पत्रात."

"तेव्हा सांगून तुला काय कळलं असतं, आई?"

"आता कळलं," आई म्हणाली. तिने हात सोडला नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. काका मात्र जागेवरून उठले होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, त्याच्या मागोमाग डिव्हायडर काढला आणि दादाच्या शेजारी येऊन बसले.

"पट्टीची धार पुरी लागली होती का अर्धी?"

"पुरी. इकडून तिकडं."

"हात हलवू नका." त्यांनी डिव्हायडरची दोन टोकं त्या व्रणाच्या दोन टोकांवर ठेवली, आखणी करताना ब्रश टेकवत असतील तितक्या हलकेच. मग ते अंतर मोजपट्टीवर मोजलं. दोन इंच. बत्तीसपट लहान म्हणजे अर्धा सूत, इंचाचा सोळावा भाग. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी कुठल्याही गणपतीपुढे पाहिलं नव्हतं. वही उघडून लिहायला लागले, आणि मध्येच थांबून त्यांनी दादाला विचारलं, "हात उजवाच ना? आता मी विचारून घेतो."

उजवाच, दादा म्हणाला.

आईने विचारलं, काय लिहितायत ते? काकांनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, वाच, बाय. मी वाचलं. "भाग : डाव्या खोबणीतली पट्टी. आधार : उजवा हात, रोहा."

आईने मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.